बिनठशाचं होल्स्टर

लातूरला माझ्या दाजींकडून होल्स्टर करून घ्यायला लोक माझ्या दुकानासमोरून जातात. नायगावचा माणूस नांदेडला उतरतो, माझ्या शेजारच्या टपरीवर चहा पितो, काखेतली पिशवी चाचपतो आणि लातूरची गाडी कुठं लागते ते मलाच विचारतो. मी सांगतो. माझ्या डोक्यावर पाटी आहे, पाटीवर पिस्तुलाचं चित्र आहे, तरी तो वर बघत नाही. तो गेला की मी हातातली आरी खाली ठेवतो आणि थोडा वेळ मला काही सुचत नाही. याला जळणं म्हणतात हे मला ठाऊक आहे. त्याला दुसरं सभ्य नाव शोधायच्या भानगडीत मी कधी पडलो नाही.

आमचा धंदा लहानसा आणि जरा विचित्रच आहे. जुन्या पिस्तुलांना आणि रिव्हॉल्वरना चामड्याचं घर करून द्यायचं. माझे वडील, आप्पा, होल्स्टर हा शब्द तोंडात येऊ देत नाहीत. चष्म्याला घर असतं तसं पिस्तुलाचं घर, असंच ते म्हणतात. नव्या हत्यारांना बाजारात तयार मिळतं, कापडी, प्लास्टिकचं, काय पाहिजे ते. पण आमच्या भागात निजामाच्या राज्यापासूनची हत्यारं काही घरांत अजून आहेत, आजोबांच्या लायसनावरून बापाच्या आणि बापाच्या लायसनावरून लेकाच्या नावावर आलेली. कुणाची नळी लांब, कुणाची मूठ वाकडी, एखादं मधून मोडून गोळ्या भरायचं. एकाचं घर दुसऱ्याला बसत नाही. दसरा जवळ आला की खंडेनवमीच्या पूजेसाठी ही हत्यारं कपाटातून बाहेर निघतात, आणि जुनं चामडं वाळून तडकलेलं दिसलं की मालकाला आमची आठवण होते.

हत्यार कुणालाही आमच्याकडे ठेवून जाता येत नाही, कायदाच तसा आहे. मालक समोर बसतो, हत्यार रिकामं करून दाखवतो आणि त्याचा चहा होईतो आम्ही मापं घेतो. मग सागाच्या तुकड्यातून त्या पिस्तुलाची हुबेहूब नक्कल कोरायची. तिला आम्ही कलबूत म्हणतो, चांभाराचं चपलेचं असतं तसंच. बाभळीच्या सालीत कमावलेलं चामडं भिजवायचं, त्या कलबुतावर बसवायचं, शिंगाच्या पट्टीनं दाबत दाबत त्याला आकार द्यायचा, सावलीत वाळवायचं आणि मग मेण लावलेल्या दोऱ्यानं दोन सुयांची शिवण घालायची.

खरं काम मात्र आत असतं. नळीच्या टोकावर नेम धरायला एक बारीक उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. पिस्तूल ओढताना माशी आतल्या चामड्याला घासली की खर्रकन आवाज येतो, अस्तर सोलतं आणि हत्यार अडकतं. म्हणून आतल्या बाजूनं माशीसाठी वाट ठेवावी लागते, सरळ नाली असते तशी. वाट रुंद झाली तर पिस्तूल डुगडुगतं, अरुंद झाली तर निघत नाही. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

आता ठशाचं सांगतो, कारण माझं सगळं दुखणं तिथं आहे.

आप्पांकडे एक पितळी ठसा आहे, बोटाच्या पेराएवढा, कडुलिंबाच्या पानाचा. पान इतकं बारीक कोरलेलं की शिरासुद्धा उमटतात. मी शिकत होतो तेव्हा दिवसभराचं काम संध्याकाळी आप्पांच्या पुढ्यात ठेवायचो. ते एकेक घर उचलत, कलबूत आत घालत, कानाजवळ धरून ओढत. मग एखादं घर घेऊन दाराजवळच्या आपल्या जागी जाऊन बसत, उजेडाकडे तोंड आणि माझ्याकडे पाठ करून. काहीतरी शेवटचा हात फिरवत आणि मग ठण्ण असा आवाज येई. पट्ट्याच्या आतल्या बाजूला पान उमटलेलं असे. बाकीची घरं ते एक शब्द न बोलता खुंटीला अडकवत.

सुरुवातीला माझ्या जवळजवळ प्रत्येक कामावर पान पडायचं. मी हवेत होतो. जेवताना मी आईला ते सांगायचो आणि आप्पा भाकरी मोडत राहायचे. पुढे पुढे पान कमी पडायला लागलं. मी हादरलो. जास्त वेळ बसायला लागलो, शिवण उसवून पुन्हा घालायला लागलो, माशीच्या वाटेवर तर मी इतका जीव ओतायचो की डोळे दुखायचे. जितका जीव ओतावा तितका ठसा लांब जायला लागला. शेवटी तो यायचाच बंद झाला. माझी घरं मुकाट खुंटीला जायची आणि तिथून गिऱ्हाइकाकडे. बापाला विचारायचं कसं, माझ्यावर ठसा का मारत नाही म्हणून? आमच्यात असं विचारत नाहीत. मी जेवणाच्या ताटावर फुगून बसायचो, आणि आप्पा त्याचा अर्थ मिठाशी लावायचे. ‘मीठ कमी हाय का रं?’ एवढंच विचारायचे.

मग दाजी आले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, नवरे. लातूरला त्यांचं मोटरसायकलच्या सीटा शिवायचं दुकान होतं. माणूस गोड, इतका गोड की जवळ बसलं की वरून पाणी प्यावंसं वाटतं. आप्पांना ते मामा म्हणतात, आणि तो मामा असा काही लांबवतात की ऐकणाऱ्याला वाटावं जन्माचं नातं आहे. एकदा दिवाळीला नांदेडला आले, आप्पांना काम करताना बघत बसले आणि म्हणाले, ‘मामा, मलाबी शिकवा की हे.’ मी मनात हसलो. सीटा शिवणारा माणूस, दाभणानं जाड दोरा ओढायची सवय, याला दोन सुयांची शिवण काय जमणार. आप्पांनी शिकवलं. जावयानं मागितलं आणि सासऱ्यानं नाही म्हटलं असं कुठं होतं?

त्यानंतर आप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन लातूरला झालं. अक्काचं घर जवळ म्हणून ते तिथं राहिले. डोळा बरा झाला तरी परत आले नाहीत. आई गेल्यावर नांदेडचं घर त्यांना खायला उठतं, असं अक्कानं मला समजावलं. मी समजून घेतलं. पण न्यायच्या पिशवीत ठसा गेला हे मी समजून घेतलं नाही. ऑपरेशनला माणूस लुंगी नेतो, टॉवेल नेतो. ठसा कशाला? मी फोनवर एकदा हळूच म्हटलं, ‘आप्पा, ठसा इकडंच असता तर बरं झालं असतं.’ ते म्हणाले, ‘तुला कामून लागतो तो?’ मी फोन ठेवला. त्या रात्री बायकोनं विचारलं काय झालं, तर मी तिच्यावरच भडकलो.

दाजींना धंद्याची नजर आहे, हे कबूल केलं पाहिजे. त्यांनी सीटांचं काम कमी केलं आणि होल्स्टरचं वाढवलं. केलेल्या प्रत्येक होल्स्टरचा फोटो ते मोबाईलवर टाकतात. पट्टा असा उलटून ठेवतात की पान वर यावं, शेजारी थोडं गवत नाहीतर एखादं फूल. प्रत्येकावर पान. मी फोटो मोठा करकरून बघायचो, शिवणीत खोट सापडते का म्हणून. फोटोत शिवण सगळ्यांची चांगलीच दिसते. बघता बघता आमच्या सगळ्या भागात पानवालं होल्स्टर अशी त्याची ओळख झाली. एकदा नायगावचे एक निवृत्त मास्तर माझ्याकडून होल्स्टर घेऊन गेले आणि आठवड्यानं परत आले. काही बिघडलं नव्हतं. पट्टा उलटून दाखवत म्हणाले, ‘याच्यावर पान कसं न्हाई? लातूरच्या मालावर असतंय की.’ मी म्हटलं, ‘आमच्याकडं नसतं.’ ते माझ्याकडे असं बघत राहिले, जणू मी त्यांच्या गळ्यात दुय्यम माल मारला आहे.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी अक्काचा फोन आला. आप्पांना बरं वाटत नव्हतं, थोडा ताप होता. ‘येऊन बघून जा,’ ती म्हणाली. दसऱ्याचं काम अंगावर होतं तरी दुकानाला कुलूप लावून मी सकाळच्या गाडीनं निघालो. ताप हे कारण होतंच, पण दुसरंही एक होतं. दाजींचं दुकान त्यांनी वाढवल्यापासून मी बघितलं नव्हतं, आणि जे बघून आपला जीव जळणार आहे ते बघायची माणसाला ओढ असते.

मी पोचलो तेव्हा आप्पांचा ताप उतरला होता आणि ते दुकानातच बसले होते. दाराजवळ, उजेडाकडे तोंड करून, अगदी नांदेडसारखी जागा. त्यांच्यासाठी दाजींनी गादी घातलेली होती, पाठीला लोड. माझ्या दुकानात ते पोत्यावर बसायचे, हे मला आठवलं आणि नको ते वाटलं. दाजी उठून आले, हातातली पिशवी घेतली, पाणी आणलं, मेव्हणे मेव्हणे करत मला सगळं दुकान दाखवलं. चांगलं होतं. कलबुतांना कपाट होतं, चामड्याला मांडणी होती, दिवे पांढरे होते. मी ‘छान हाय, छान हाय’ म्हणत फिरलो आणि प्रत्येक छानला माझ्या पोटात एक खिळा बसत होता.

मग भिंतीकडे नजर गेली. आप्पांच्या डोक्यावर, बरोबर दाजींच्या कामाच्या जागेसमोर, एक होल्स्टर टांगलेलं होतं. लांब नळीचं, जुन्या धाटणीचं, रंगानं काळपट तांबूस झालेलं. ते मी ओळखलं. शिवण मीच घातलेली. मी डावखुरा आहे, त्यामुळे माझे टाके उलट्या बाजूला कललेले असतात. हजार शिवणींत माझी मला ओळखू येते. ठसा यायचा बंद झाल्यावरचं काम होतं ते. गिऱ्हाईक न्यायला आलंच नाही आणि ते दुकानात पडून राहिलं होतं, मी विसरूनही गेलो होतो. मी पट्टा उलटून बघितला. पान नव्हतं, अर्थात.

मला वाटलं, हे इथं कशासाठी टांगलं ते कळायला काही लागत नाही. सगळ्या पानवाल्या मालात हे एक बिनपानाचं. येणाऱ्या-जाणाऱ्याला फरक कळावा म्हणून. चहा आला तो मी तसाच ठेवला.

तेवढ्यात दाजींनी तयार झालेलं एक होल्स्टर आप्पांच्या मांडीवर ठेवलं आणि ते बाहेर एका गिऱ्हाइकाशी बोलायला गेले. आप्पांनी कलबूत आत घातलं, कानाजवळ धरलं आणि ओढलं. मलाही ऐकू आलं. खर्र. माशी घासत होती. आप्पांनी बाहेर बघितलं. दाजींची पाठ होती. आप्पांनी चामडं कापायची रापी घेतली, आतले चार टाके उसवले, बोट घालून चाचपत माशीची वाट थोडी तासली, पुन्हा मेणाचा दोरा ओढून टाके घातले. मी अगदी शेजारी होतो म्हणून दिसलं. पाठीमागून बघणाऱ्याला वाटलं असतं म्हातारा शेवटचा हात फिरवतो आहे. पुन्हा कलबूत घालून ओढलं. आवाज नाही. मग त्यांनी ठसा काढला, लाकडी ठोकळ्यावर पट्टा धरला आणि ठण्ण.

मी म्हटलं, ‘आप्पा, हे काय करायलाव?’

त्यांनी बोट ओठावर ठेवलं. ‘हळू बोल. जावयाला कुणी बोलत असतंय का? अक्काला इथं नांदायचं हाय.’

‘मग ठसा कामून मारला? खोट होती ना त्यात.’

आप्पा माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी दिवसाढवळ्या सूर्य कुठं आहे असं विचारलं आहे. ‘म्हून तर मारला. दुसऱ्याच्या कामाला मी हात लावला, उद्या ते फाटलं तर माणसानं माझ्याकडं यावं. ज्याला हात लावला त्याच्यावर आपलं नाव. माझ्या बापाची रीत हाय ही. तुला ठाऊक न्हाई?’

मला ठाऊक नव्हतं. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. माझ्या तोंडातून कसंतरी निघालं, ‘आणि माझ्यावर?’

‘तुझ्यावर आधी मारत होतो की. लई मारले.’

‘मग सोडलं कामून?’

‘मग काय करायचं मारून? मला तिथं कामच न्हवतं.’ त्यांनी मान वर करून भिंतीवरच्या होल्स्टरकडे बोट केलं. ‘ते मी आणलंय इकडं. दाजींना म्हणलं, हे बघून करत जा.’

दाजी आत आले. आप्पांनी पान पडलेलं होल्स्टर त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाले, ‘झकास झालंय.’ दाजी ते घेऊन हसले. का कोण जाणे, ते हसू मला पुरतं हसू वाटलं नाही, पण तेव्हा मी माझ्याच तंद्रीत होतो. चहा गार झाला होता, तो मी एका घोटात प्यालो.

परतीच्या गाडीत मी इतका खूष होतो की शेजारच्या माणसाला खिडकीची जागा दिली. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जळलो ते पान म्हणजे खोट दुरुस्त केल्याची खूण! दाजींचा सगळा माल, मोबाईलवरचे सगळे फोटो, फुलं, गवत, सगळी माझ्या बापानं उसवून पुन्हा शिवलेली घरं. आणि गिऱ्हाईक माझ्याकडे पान मागतं. मी एकटाच हसलो. अहमदपूरला गाडी थांबली, मी उतरून केळी घेतली, ती खाताना मला दाजींच्या कामावरचे टाके दिसत होते आणि केळ्याला जास्तच गोडी आली होती.

लोहा यायच्या आधी ती गोडी उतरली.

मला तिथं कामच नव्हतं, असं आप्पा म्हणाले होते. ते वाक्य माझ्या डोक्यात फिरायला लागलं. मी चांगलं शिकलो, हे ऐकायला मी तळमळत होतो, ते मला ऐकायला मिळालं. पण माझं शिकून झालं आणि म्हाताऱ्याचा हात रिकामा झाला. माझ्या दुकानात ते पोत्यावर बसून रस्त्याकडे बघत असायचे. मी काम संपवून त्यांच्या पुढ्यात ठेवायचो आणि ते खुंटीला अडकवायचे, एवढंच. लातूरला त्यांना रोज काहीतरी उसवायला मिळतं. दाजींचं काम चांगलं झालं असतं तर ते ऑपरेशननंतर परत आले असते, अशी मला खात्रीच वाटायला लागली. म्हणजे माझा बाप दाजींनी गोड बोलून नेला नव्हता. वाईट काम करून नेला होता. गाडीतून उतरताना मला दाजींचा आधीपेक्षा जास्त हेवा वाटत होता. त्यांच्याकडे जे होतं ते चांगलं काम करून मला परत मिळणार नव्हतं.

बायकोला मी ठशाची गोष्ट सांगितली. तिला वाटलं मी आता सुखानं झोपेन. ती म्हणाली, ‘झालं की आता समाधान.’ मी हो म्हटलं.

दसरा झाला. दिवाळीच्या तोंडावर बिलोलीचे एक वयस्कर गृहस्थ आले. त्यांच्या आजोबांचं मधून मोडायचं रिव्हॉल्वर, नळी लांब, माशी उंच आणि धारदार. असं हत्यार हातात आलं की मला आनंद होतो. मी मापं घेतली, कलबूत कोरलं, आणि मनापासून दोन घरं केली. लोक एकच करतात, मी दोन केली. एक गिऱ्हाइकाचं. ते मी जमेल तितकं निर्दोष केलं आणि अगदी अलगद ओढून बघितलं, आवाज आला नाही. दुसरं केलं त्यात माशीची वाट मी अर्ध्यावर थांबवली. पुढे तासायची ती तासली नाही. ते सोपं नव्हतं. हात पुढे जाऊन तासायलाच बघत होता, त्याला मी दोनदा मागे ओढला. बाहेरून ते पहिल्यासारखंच दिसत होतं, थोडं जास्तच चांगलं, कारण मी घाबरून शिवण फार जपून घातली होती.

भाऊबीजेला अक्काकडे गेलो तेव्हा ते आणि त्याचं कलबूत पिशवीत होतं. ओवाळणी झाली, जेवणं झाली, दाजींनी पान दिलं, खायचं. मग मी ते होल्स्टर काढलं आणि आप्पांच्या मांडीवर ठेवलं. ‘बघा बरं,’ एवढंच म्हणालो.

आप्पांनी कलबूत घातलं, कानाजवळ धरलं, ओढलं. खर्र. दाजी पलीकडे बसले होते, त्यांची मान झटकन वळली. आप्पांनी पुन्हा ओढून बघितलं, त्यांचा कानावर विश्वास बसला नसावा. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या डोळ्याला ऑपरेशननंतर कितपत दिसतं हे मला कधी नीट कळलेलं नाही. मी समोरच्या फराळाच्या ताटातल्या करंजीकडे बघत राहिलो.

‘वाट राहिली की रं,’ ते म्हणाले.

‘राहिली व्हय? मला वाटलं झाली.’

ते उठले, दुकानात गेले. मी मागोमाग गेलो. ते आपल्या जागी बसले, रापी घेतली, टाके उसवले. घाई नव्हती त्यांना. बोट आत घालून ते चाचपत होते आणि मधूनच काहीतरी पुटपुटत होते, जसे मी लहान असताना पुटपुटायचे. दोरा ओवायला त्यांना वेळ लागला, मी मदत केली नाही. त्यांनी घातलेले टाके माझ्यापेक्षा वाकडे आले. एक तर सरळ शेजारच्या भोकात गेला. पण माशीची वाट नीट झाली, कलबूत ओढल्यावर काही ऐकू आलं नाही. मग त्यांनी ठसा काढला. पान तिरकं उमटलं, एका बाजूला खोल, एका बाजूला पुसट.

‘घे,’ आप्पा म्हणाले. ‘ध्यान ठेवून करत जा.’

मला बोलणी बसली, आणि इतकं बरं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

दाजी मला गाडीपर्यंत सोडायला आले. स्टँडवर गाडीला अवकाश होता. ते म्हणाले, ‘मेव्हणे, एक बोलू? राग मानू नका.’

‘बोला.’

‘रोज सकाळी शटर उघडलं की समोर तुमचं ते टांगलेलं दिसतंय. त्याच्यावर पान न्हाई. मामा म्हणतात, असं करा. मी मरमर करतो आणि संध्याकाळी पुन्हा ठण्ण. मला काय कळत न्हाई व्हय, ठसा कामून पडतो ते?’ त्यांनी खाली बघून चप्पल घासली. ‘फोटोत मी ते पान मुद्दाम पुढं करतो. लोकांना वाटतंय मान हाय. पण आज तुमच्यावर पडलं ना मेव्हणे, खरं सांगतो, लई बरं वाटलं. म्हणलं, यांचंबी चुकतंय.’

त्यांचा आवाज माझ्या चांगला ओळखीचा होता. नायगावच्या माणसाला लातूरची गाडी सांगताना माझा जो आवाज निघतो, तोच. या गोड माणसाच्या पोटातही एक खिळा होता आणि तो माझ्या नावाचा होता. ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं, वाटलंही. ‘मुद्दाम केलं होतं ते’ हे शब्द माझ्या जिभेवर अगदी तयार होते. तेवढ्यानंच दाजींचा आनंद खलास झाला असता आणि मी वर्षानुवर्षांचं उट्टं काढून गाडीत बसलो असतो.

पण त्यांनी ते अक्काला सांगितलं असतं, अक्कानं आप्पांना. आणि मग आप्पांनी माझं काहीच दुरुस्त केलेलं नव्हतं असं झालं असतं.

‘चुकतंय की,’ मी म्हणालो. ‘माणूस हाय, चुकतंय.’

गाडी आली. मला खिडकीची जागा मिळाली. पिशवी मांडीवर घेऊन मी हात आत घातला आणि नांदेड येईपर्यंत अंगठा त्या तिरक्या पानावर ठेवून बसलो.